बंद पडलेला जुना गिटार अँप: घ्यावा की सोडावा

गणपती उठले की पुढच्या पंधरा दिवसांत बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुनं सामान विकायला निघतं. बँजो पार्टीतला अँप, मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात), कॉलेजात हौसेनं घेतलेला आणि नंतर माळ्यावर चढलेला प्रॅक्टिस अँप. चोर्ला घाटातून गोव्याचा मालही इकडे येतो. किंमत ऐकून मोह होतो आणि विकणाऱ्याचं वाक्य ठरलेलं असतं: "काही नाही ओ, फक्त फ्यूज गेलाय." फ्यूज चहाच्या पैशात मिळतो. नुसता फ्यूजच गेला असता तर त्यानं तो घालून, वाजवून दाखवून दुप्पट किंमत सांगितली असती. म्हणून असा अँप घेताना एकच गोष्ट धरून चला: बिघाड कुठे आहे हे कळेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत. जॅक, पॉट (नॉबमागचा पार्ट), कपॅसिटर, पॉवर ट्रान्झिस्टर हे सगळं मिळतं आणि बदलता येतं. ट्रान्सफॉर्मर, गिटारचा स्पीकर आणि कंपनीनं त्याच मॉडेलसाठी बनवलेला डिजिटल बोर्ड, या तिघांपैकी काय शाबूत आहे त्यावर सौदा ठरतो.

आधी मेकॅनिक, मग अँप

अँप बघायला जाण्याआधी तो रिपेरी कोण करणार हे ठरलेलं असू द्या. मेकॅनिक तीन जातीचे भेटतात. जुन्या रेडिओ-टीव्हीवर हात बसलेले, त्यांना व्हॉल्व्हची, म्हणजे काचेच्या ट्यूबची, भीती वाटत नाही. साउंड सर्व्हिसवाल्यांची कामं करणारे, त्यांना पॉवर ट्रान्झिस्टर डोळे झाकून बदलता येतात. आणि मोबाइलवाले, त्यांच्याकडे बारीक सोल्डरिंगचं सामान असतं, पण २३० व्होल्टच्या सप्लायशी आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरशी त्यांचा संबंध कमी येतो. अँपच्या जातीप्रमाणे माणूस धरायचा. त्याला दोन गोष्टी विचारा (सिरीज बोर्ड म्हणजे बल्बमधून सप्लाय देणारी फळी, ती पुढे येते): "मामा, तुमच्याकडे सिरीज बोर्ड आहे काय?" आणि "काढलेले जुने पार्ट परत देणार काय?" दोन्हीला सहज "हो" आलं तर माणूस कामाचा आहे. सिरीज बोर्ड न लावता मेलेला अँप थेट प्लगात घालणाऱ्याकडे तुमची वस्तू देऊ नका.

मेकॅनिक कानडी बोलणारा असेल आणि तुमची कानडी बेताची असेल, तर मॉडेल नंबर आणि बिघाडाची लक्षणं कागदावर लिहून अँपला चिकटवा. बोर्डवरचे आकडे दोन्ही भाषांत सारखेच. आणि वेळेचं भान ठेवा. श्रावण लागला की गणपतीच्या मंडपांची कामं सुरू होतात आणि ही सगळी मंडळी गळ्यापर्यंत बुडालेली असतात. तेव्हा टाकलेला अँप विसर्जनानंतरच हातात येतो.

पिशवीत काय न्यायचं

डिजिटल मल्टीमीटर, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, १.५ व्होल्टचा एक साधा सेल, खात्रीची गिटार केबल आणि एक छोटी पॅच केबल. शिवाय सिरीज बोर्ड. तो घरी करता येतो: लाकडी फळीवर एक बल्ब होल्डर आणि एक थ्री-पिन सॉकेट बसवायचं. फेजची वायर आधी होल्डरमधून आणि मग सॉकेटला, न्यूट्रल आणि अर्थ थेट सॉकेटला. होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब लावायचा, एलईडी चालत नाही. १५ ते ३० वॅटच्या अँपला ६० वॅटचा, त्यापुढे १०० वॅटचा. अँपमध्ये शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्बवर पडतं, बल्ब पूर्ण पेटतो आणि अँप वाचतो. अर्थची वायर गाळून हा बोर्ड करू नका. वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

प्लग लावण्याआधी

प्रथम मागची पट्टी वाचा. २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं लिहिलेलं पाहिजे. गोव्याकडून येणाऱ्या मालात जहाजावरच्या माणसांनी बाहेरून आणलेले अँप असतात. त्यातल्या एखाद्यावर १२० किंवा १०० व्होल्ट असतं, आणि तो थेट आपल्या प्लगात घातल्यामुळेच मेलेला असतो. १२० व्होल्टचा चालू अँप घ्यायला हरकत नाही, पण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पट्टीवर जितके वॅट लिहिलेत त्याच्या दीडपट क्षमतेचा घ्या, म्हणजे १८० वॅट असेल तर ३०० व्हीएच्या आसपास, आणि त्याला अर्थची पिन असली पाहिजे. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेवढी किंमत कमी करा. काही मॉडेलमध्ये आत वायर बदलून २३० करता येतं. ते मॉडेलच्या सर्किट डायग्रामवरूनच ठरवायचं, अंदाजानं नाही.

मग नाक लावा, अक्षरशः. मागच्या जाळीतून वास घ्या. जळलेल्या रेझिस्टरचा वास हलका आणि जुना असतो, तो चालतो. जळक्या वार्निशचा जड, गोडसर, घशात बसणारा वास आला तर ट्रान्सफॉर्मर गेला आहे असं समजा आणि पुढची तपासणी त्याच दिशेनं करा.

फ्यूज काढून बघा. काच आतून काळी किंवा चांदीसारखी झाली असेल तर मोठा शॉर्ट झालाय. तार मधोमध शांतपणे तुटलेली असेल तर जुनाट फ्यूज किंवा थोडा जास्त करंट. फ्यूजभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सापडली, तर तो अँप शॉर्ट असतानाही कोणीतरी जबरदस्तीनं चालवलाय. आत काय काय भाजलं असेल त्याला हिशेब नाही. अशा अँपला फक्त स्पीकर आणि खोक्याची किंमत द्यायची.

स्क्रू मोजा. आठाच्या जागी पाच, त्यातले दोन वेगळ्या जातीचे, म्हणजे आधी दोन-तीन हात फिरून गेलेत. पहिल्यांदाच बिघडलेला अँप दुरुस्त करणं सोपं असतं. तिघांनी अर्धवट सोडलेल्यात मूळ बिघाड एक आणि नंतर घातलेले चार असतात.

तो कुठे राहिला होता हेही विचारा, कारण आपल्या भागात हवेचा फरक मोठा आहे. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात दोन पावसाळे काढलेल्या अँपचं खोकं एमडीएफचं असेल तर खालच्या कडा बिस्किटासारख्या फुगलेल्या दिसतील आणि स्पीकरचा कागद मऊ पडलेला असेल. प्लायवूड तग धरतं. किनाऱ्यावरून आलेल्या अँपच्या जॅकवर हिरवा आणि चॅसीवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, पांढरा थर दिसतो. हिरवा थर जॅकपुरता असेल तर ठीक, बोर्डच्या तांब्याच्या रेषांवर पसरला असेल तर सोडा. उद्यमबाग-मच्छे बाजूला फाउंड्रीशेजारी पडून राहिलेल्या अँपमध्ये लोखंडाची बारीक पूड स्पीकरच्या मॅग्नेटच्या फटीत ओढली जाते आणि प्रत्येक सूर खरखरत बाहेर येतो. मागून उघडे असणारे कॉम्बो उंदरांना फार आवडतात. लेंड्या आणि चिंध्या झाडता येतात, पण उंदराच्या मुतानं बोर्ड खाल्ला असेल तर ते काम संपत नाही.

स्पीकर

कॉम्बोच्या किमतीतला मोठा वाटा स्पीकरचा असतो, म्हणून इथे घाई नको. स्पीकरची एक वायर काढा आणि दोन टोकांवर ओहम मोजा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६, १६ ओहमचा ११ ते १४. लिहिलेल्यापेक्षा कमी दिसणं बरोबरच आहे, त्यावरून घासाघीस करू नका. काहीच आकडा आला नाही तर कॉइल (कोनाला जोडलेलं तारेचं वेटोळं) तुटली. शून्याजवळ आला तर कॉइल जळून चिकटली.

आता १.५ व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर टेकवा. "खट्" असा स्वच्छ आवाज येऊन कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, हलला पाहिजे. नंतर दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून अगदी हलकेच, सगळीकडून सारखं आत ढकला. हाताला मऊ लागलं पाहिजे. कुठेतरी खसखस घासल्यासारखं जाणवलं तर कॉइल गॅपला घासतेय, एक तर तापून वाकलीय किंवा अँप पडलाय.

कोन आणि कॉइल बदलणारे कारागीर आपल्याकडे आहेत, डीजे आणि लाउडस्पीकरमुळे त्यांचं काम रोजचं आहे. पण ते बहुतेक पीएच्या (लाउडस्पीकर सिस्टिमच्या) वूफरचा जाड कोन बसवतात. गिटारच्या स्पीकरचा कोन पातळ असतो, त्याच्या कडेच्या वळ्याही कागदाच्याच असतात, आणि गिटारचा तो चावरा मधला सूर त्यातूनच येतो. वूफरचा कोन घातलेला अँप वाजेल, पण पांघरुणाखालून वाजल्यासारखा. तेव्हा स्पीकर गेला असेल तर हिशेबात नवा गिटार स्पीकर धरा, रिकोन धरू नका. कडेला छोटी चीर असेल तर टिश्यू पेपर आणि पातळ केलेला फेव्हिकॉल पुरतो.

चालू करताना

प्लग लावण्याआधी एक मोजमाप बंद अवस्थेतच: अँपच्या प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये, अँपचा स्विच ऑन ठेवून, ओहम बघा. आत साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल तर साधारण ५ ते ६० ओहमच्या मधला आकडा येतो. काहीच आलं नाही तर वायर, फ्यूज, स्विच किंवा ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी यातलं काहीतरी तुटलंय. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये वरच्या टेपखाली एक थर्मल फ्यूज लपवलेला असतो. तोच गेला असेल तर ट्रान्सफॉर्मर वाचतो, पण तो का तापला ते शोधावं लागतं. मेन ट्रान्सफॉर्मर जळला असेल तरी घाबरू नका: मोटार आणि स्टॅबिलायझरचं रिवाइंडिंग करणारे आपल्याकडे चांगले आहेत आणि ट्रान्झिस्टर अँपचा मेन ट्रान्सफॉर्मर ते नीट बांधतात. जुन्याचे वेढे आणि तारेची जाडी मोजून नोंदवायला सांगा. पिनांपैकी कुठल्याही एकीपासून अर्थ पिनेपर्यंत मात्र काहीही आकडा दिसता कामा नये.

आता सगळे नॉब शून्यावर, स्पीकर जोडलेला, आणि सिरीज बोर्डमधून सप्लाय. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला किंवा विझला तर उत्तम, कपॅसिटर भरले आणि शॉर्ट नाही. ट्यूब अँपमध्ये फिलामेंटचा करंट चालू राहतो म्हणून बल्ब मंद पेटता राहतो, ते बरोबर आहे. लख्ख पेटूनच राहिला तर लगेच बंद करा. बहुतेक वेळा पॉवर ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायरचा डायोड शॉर्ट असतो. ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लाय असलेल्या नव्या हलक्या अँपमध्ये बल्ब लुकलुकू शकतो, त्यावरून निकाल देऊ नका.

चालू करताच स्पीकरचा कोन बाहेर किंवा आत ताणून तिथेच थांबला, तर आउटपुटवर डीसी येतोय. ताबडतोब बंद करा, नाहीतर कॉइल जळेल. ट्रान्झिस्टर अँप असेल तर स्पीकर काढून आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टपर्यंत ठीक, १०० च्या वर संशय, काही व्होल्ट आले तर पॉवर स्टेज (स्पीकरला ताकद देणारा शेवटचा भाग) गेलेली. ट्यूब अँपवर हा प्रयोग करायचा नाही. ट्यूब अँप स्पीकर न जोडता कधीही चालवायचा नसतो. लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला) व्होल्टेज उसळतं आणि त्याचं इन्सुलेशन फुटतं.

आवाजावरून निदान

घूं असा आवाज येत असेल तर गिटार हातात घ्या, पण जोडू नका. जाड ई तारेवर तिसरा फ्रेट दाबून सूर छेडा. तो सूर ९८ हर्ट्झचा असतो. घूंचा सूर जवळजवळ त्याला मिळाला तर तो १०० हर्ट्झचा आहे, म्हणजे सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. स्वस्त काम, खुशाल घ्या. घूं त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ: अर्थिंग, शील्ड किंवा केबल. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घूं तेवढाच राहतो का तेही बघा. राहिला तर सप्लाय किंवा पॉवर स्टेज, कमी झाला तर प्रीअँपकडून (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) येतोय.

अजिबात आवाज नाही, पण अँपचा दिवा लागतो आणि सिरीज बोर्डचा बल्ब मंद आहे: हा सगळ्यात फायद्याचा बिघाड, कारण विकणाऱ्याला अँप मेल्यासारखा वाटतो. छोट्या प्रॅक्टिस अँपमध्ये हेडफोनच्या जॅकमध्येच स्पीकर तोडणारा स्विच असतो. त्याच्या पात्यावर गंज चढला की स्पीकर गप्प होतो. हेडफोनची पिन वीसेक वेळा आत-बाहेर करा. मधेच आवाज फुटला तर तुमचं काम झालं. मोठ्या अँपमध्ये मागे सेंड आणि रिटर्न असे इफेक्टचे दोन जॅक असतात, तिथेही हाच रोग. पॅच केबलनं सेंड थेट रिटर्नला जोडा. आवाज आला तर रिटर्न जॅकचं पातं खराब. तरीही नाही आला तर गिटार थेट रिटर्नमध्ये घाला: आवाज आला तर पॉवर स्टेज जिवंत आणि प्रीअँप मेलेला, आणि प्रीअँपचे ऑपअँप साध्या ट्रान्झिस्टर अँपमध्ये स्वस्तात बदलतात.

हात लावला की आवाज येतो-जातो, जॅक हलवला की कडकड होते: बोर्डवर बसवलेल्या जॅकच्या किंवा पॉटच्या पायाशी सोल्डरला गोल तडा गेलेला असतो. टॉर्च तिरका धरून बघा. चकचकीत सोल्डरच्या डोंगरात पायाभोवती केसाएवढी काळी कडी दिसते. जुनं सोल्डर काढून नवं भरलं की काम संपलं. नॉब फिरवताना खरखर झाली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब पंचवीस-तीस वेळा फिरवा. पेट्रोल वापरू नका, प्लास्टिक खातं आणि आगीचा धोका वेगळा. फवारल्यावरही फिरवताना ढब्-ढब् आवाज आला तर दोष पॉटचा नाही. आधीचा कपॅसिटर गळतोय आणि पॉटवर डीसी येतोय.

रिव्हर्ब (घुमणारा आवाज) येत नसेल तर अँपला हलका धक्का द्या. स्प्रिंगचा गडगडाट आला तर टँकची (स्प्रिंगच्या डब्याची) आउटपुट बाजू चांगली, नाही आला तर टँकच्या बारीक वायरी आणि आरसीए पिना बघा. यासाठी किंमत कमी करून घ्या, सौदा मोडू नका.

पॉवर स्टेज गेलेली असेल तर

ट्रान्झिस्टर अँपमध्ये हा बिघाड सगळ्यात जास्त आढळतो, बहुतेकदा कमी ओहमचे जादा स्पीकर जोडल्यामुळे. टीआयपी१४२–टीआयपी१४७ किंवा २एससी५२००–२एसए१९४३ अशा जोड्या, नाहीतर टीडीए७२९४, एलएम३८८६ सारखी एकच आयसी असते. मीटर डायोडवर ठेवून कलेक्टर-एमिटर बघितलं आणि दोन्ही बाजूंनी ०.०० आलं तर ट्रान्झिस्टर शॉर्ट.

इथे रिपेरी फसते ती दोन कारणांनी. एक, फक्त मेलेला ट्रान्झिस्टर बदलला जातो. तो मरताना त्याला चालवणाऱ्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरला आणि ०.२२ ओहम ५ वॅटच्या पांढऱ्या सिरॅमिक रेझिस्टरला घेऊन मरतो. ते तसेच ठेवले तर नवी जोडी चालू करताच उडते. दोन्ही बाजूंची जोडी, ड्रायव्हर आणि हे रेझिस्टर एकत्र बदलायचे, खालचा मायका किंवा सिलिकॉन पॅड आणि थर्मल पेस्ट नवी घालायची. दुसरं कारण नकली माल. २एससी५२०० च्या नावानं आत बारीक चिप असलेले ट्रान्झिस्टर सर्रास विकले जातात. ते हळू आवाजात चालतात आणि मिरवणुकीच्या आवाजाला फुटतात. बाजारभावाच्या निम्म्यात मिळाले तर नकलीच समजा. आयसी एक असली की काम सोपं, पण जुन्या एसटीके मॉड्यूलवर (पूर्ण पॉवर स्टेज एकाच ठोकळ्यात) चालणारा अँप मात्र टाळा. अस्सल मॉड्यूल मिळवतानाच घोडं अडतं.

ट्यूब अँप

ट्यूब अँप मेलेला असला तरी त्याला किंमत असते आणि ती असायलाही हवी. पण इथे चूक जिवावर येते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३५० ते ४५० व्होल्ट डीसी राहू शकतात. आत हात घालण्याआधी १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर, इन्सुलेशन असलेल्या वायरींनी, कपॅसिटरच्या प्लसपासून चॅसीला दहा सेकंद धरायचा आणि मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडायची नाही. सवय नसेल तर चॅसी उघडूच नका, बाहेरूनही पुरेसं कळतं.

काचेच्या टोकाशी आतून चांदीसारखा मुलामा असतो. तो दुधाळ पांढरा झाला तर हवा शिरली, ती ट्यूब मेली. काचेच्या भिंतीवर निळसर झाक दिसली तर ती निरुपद्रवी. आतली राखाडी प्लेट मात्र तांबडी होऊ लागली तर त्या क्षणी बंद करा. बायस (ट्यूबचा करंट ताब्यात ठेवणारं व्होल्टेज) गेलाय, आणि अर्ध्या मिनिटात ट्यूबबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. ट्यूब पेटतात पण आवाजच नाही, असं असेल तर हाय व्होल्टेजचा वेगळा फ्यूज बघा. तो उडाला असेल तर बहुधा पॉवर ट्यूब आतून शॉर्ट आहे. छोट्या १२एएक्स७ या प्रीअँप ट्यूबवर पेन्सिलीनं टकटक करा. स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखी आली तर ती बदलायची.

खरा प्रश्न आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. ईएल३४, ६एल६, ६व्ही६ या तिन्ही पॉवर ट्यूबची प्लेट ३ नंबरच्या पिनेवर असते, ईएल८४ ची ७ वर. अँप बंद, प्लग काढलेला, ट्यूब थंड झाल्यावर काढलेल्या. आधी ३ नंबर पिन (ईएल८४ असेल तर इथे आणि पुढेही ७ नंबर) ते चॅसी डीसी व्होल्ट मोजा, १० च्या खाली असल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग दोन पॉवर सॉकेटच्या ३ नंबर पिनांमध्ये ओहम मोजा. काही दहा ते काही शे ओहम आले पाहिजेत. सॉकेट वरून बघताना पिना खाचेपासून उलट, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं मोजायच्या. चार ट्यूबच्या अँपमध्ये एका बाजूच्या दोन पिना आपसात जोडलेल्या असतात, तिथे शून्य येणं बरोबर. पलीकडच्या जोडीशीही काहीच आकडा आला नाही तर ट्रान्सफॉर्मर तुटलेला. आकडा बरोबर आला तरी आतले वेढे एकमेकांना चिकटलेले असू शकतात, ते साध्या मीटरवर कळत नाही. म्हणून न वाजणाऱ्या ट्यूब अँपला या जोखमीची वजावट लावायचीच. हा ट्रान्सफॉर्मर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे देऊ नका. त्यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक बसवलेले असतात, साध्या पद्धतीनं बांधला तर वरचे सूर नाहीसे होतात. नवा मागवावा लागतो, आणि पॉवर ट्यूबच्या जोडीलाच काही हजार जातात.

जुन्या अमेरिकन अँपला दोन पिनांची वायर असेल तर सप्लायपासून चॅसीला जोडलेला एक कपॅसिटर आत असतो. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांत करंट येतो, आणि ओठ माइकला लागले की झटका. तो काढून तीन पिनांची वायर घालणं हे पहिलं काम, मग बाकीचं. मंडपात कुठूनही ओढलेल्या सप्लायवर वाजवणाऱ्यानं यात तडजोड करू नये.

मॉडेलिंग अँप

हे अँप वेगवेगळ्या अँपचे आवाज डिजिटल बोर्डवर तयार करतात. स्क्रीन लागत नाही, आवाजांची निवड अडकून बसलीय, मधेच आपोआप रीस्टार्ट होतो: सोडा. तो बोर्ड सुटा मिळत नाही आणि बारीक चिपवर इकडे कोणी हात घालणार नाही. स्पीकर, जॅक, अडॅप्टर किंवा पॉवर आयसी एवढ्यापुरताच बिघाड असेल तर घ्या.

किमतीचा हिशेब

पद्धत कळावी म्हणून आकडे धरू. तेच मॉडेल चालू अवस्थेत जुन्या बाजारात १२,००० ला जातं. मेकॅनिकनं पार्ट आणि मजुरी मिळून ३,५०० सांगितले. त्यात निम्मे वाढवा, कारण उघडल्यावर दुसरं काहीतरी निघतंच: ५,२५०. कोल्हापूर किंवा हुबळीला पार्टसाठी फेरी, कुरिअर: ७५०. उरले ६,०००. बिघाड नेमका कळला असेल तर त्यातले हजार आणखी काढा आणि ५,००० ला घ्या. बिघाड कळलाच नसेल तर ६,००० विसरून फक्त चांगल्या स्पीकरची आणि खोक्याची किंमत द्या. सगळं फसलं तरी ते खोकं जादा कॅबिनेट म्हणून वापरता येतं. वाढवलेला रिपेरीचा आकडा चालू किमतीच्या निम्म्यावर गेला तर व्यवहार आतबट्ट्याचा. त्या पैशात थोडी भर घालून चालू अँप मिळतो.

घासाघीस करताना मालाला नावं ठेवू नका, मोजलेले आकडे सांगा. "दादा, स्पीकर बरोबर आहे, पण आउटपुटला डीसी येतोय, जोडी आणि ड्रायव्हर बदलावे लागणार. पाच देतो." समोरच्यालाही आपल्या वस्तूत काय गेलंय ते कळतं आणि बोलणं सरळ होतं. फूटस्विच, मागची जाळी, सुटे स्क्रू, जुन्या रिपेरीचं बिल हे पैसे देण्याआधीच मागून घ्या. फूटस्विचशिवाय काही अँपमध्ये दुसरा चॅनल किंवा रिव्हर्ब चालूच होत नाही आणि नंतर तो माळ्यावर सापडत नाही.

ओलसर घरातून आणलेला अँप आल्याआल्या चालू करू नका. मागची फळी काढून चार-पाच दिवस कोरड्या, वारं खेळणाऱ्या खोलीत ठेवा, उन्हात नाही, कोन आखडतो. दुरुस्त होऊन आल्यावर पहिला अर्धा तास पुन्हा सिरीज बल्बवर, नंतर थेट. आणि स्पीकरचे ओहम, आउटपुटचा डीसी, बदललेले पार्ट, तारीख हे एका कागदावर लिहून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी मागची फळी उघडणाऱ्या मेकॅनिकला पहिल्यांदा तोच कागद दिसला पाहिजे.